काळे मांस, गुलाबी मांस आणि तापमापकाची सळई
बिनतारी तापमापकाची निवड व निगा : धार-देवासच्या निमित्ताने

माळव्यात थंडीचे दिवस सुरू झाले म्हणजे अंगणात आणि शेताच्या बांधावर चुली पेटतात. गोवऱ्यांच्या आरावर बाफले आणि बाट्या भाजल्या जातात. धार जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भिल्ल वस्त्यांत पळसाच्या पानांत मक्याचे पानिये शेकले जातात, आणि सणावारी, पाहुण्यारावळ्यांच्या निमित्ताने कोंबडी किंवा बकऱ्याचे मांस विस्तवावर चढते. धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये तो प्रदेश मध्य प्रदेशात आला. परंतु तेथील कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते. अलीकडे या घरांत, तसेच महामार्गालगतच्या उपाहारगृहांत, झाकणाच्या भट्टीत मंद धुरावर मांस तासन्‌तास भाजण्याची पद्धत येऊ लागली आहे. तिच्याबरोबर बाजारात एक नवे उपकरणही आले आहे. मांसात खुपसून ठेवायची आणि तारेशिवाय मोबाइल फोनवर तापमान कळविणारी ही सळई 'प्रोब' या नावाने विकली जाते.

असे उपकरण म्हणजे केवळ हौस होय, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः मांस आतपर्यंत शिजले आहे किंवा नाही, हे डोळ्यांना खात्रीने कळत नाही आणि मोजल्यावाचून सांगता येत नाही. तापमापकाची गरज येथूनच सुरू होते. तो कोणता घ्यावा, कसा वापरावा आणि कसा जपावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

रंगावरून होणारी पारख

मांसाचा गुलाबीपणा गेला आणि त्यातून निघणारा रस स्वच्छ दिसू लागला म्हणजे ते शिजले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत. ही खूण पुष्कळदा खरी ठरते. तथापि धुरावरील भाजणीत ती दोन्ही बाजूंनी फसवते.

पहिले उदाहरण कडकनाथचे. झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांत भिल्ल व भिलाला कुटुंबे ही कोंबडी परंपरेने पाळतात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या पक्ष्याची कातडी, चोच आणि जीभही काळी असते, मांस काळसर असते आणि म्हणूनच त्याला 'काली मासी' असेही म्हणतात. मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे हा काळेपणा येतो आणि तो कच्च्या मांसातही असतो. जेथे गुलाबीपणा मुळातच झाकलेला आहे, तेथे तो नाहीसा होण्याची वाट पाहणे व्यर्थ होय. हाडालगतची मांडी कच्ची राहिली तरी पाहणाऱ्याच्या ते सहसा लक्षात येत नाही.

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. लाकडाच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड हा वायू मांसातील मायोग्लोबिन या लाल द्रव्याशी संयोग पावतो आणि मांसाच्या बाहेरील थरात पक्का गुलाबी रंग उतरतो. मांस पूर्ण शिजले तरी हा रंग जात नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो मांस कच्चे समजून पुन्हा विस्तवावर ठेवतो आणि ते कोरडे पडते. थोडक्यात, कडकनाथ कच्चे असूनही तसे दिसत नाही आणि धुरावरचे मांस शिजलेले असूनही कच्चे भासते.

येथे धुंगाराविषयीही खुलासा करणे अवश्य आहे. भांड्यात वाटी ठेवून तीत पेटता कोळसा, वर तुपाची धार आणि लवंग टाकून झाकण लावल्यास मांसाला धुराचा सुगंध येतो. हा धुंगार केवळ सुगंधासाठी असतो; त्याने मांस शिजत नाही. धुंगार द्यावयाचे मांस आधी पूर्ण शिजवलेले असले पाहिजे.

किती तापमान पुरेसे?

दूध संघात दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून त्यातील रोगजंतू नष्ट करतात, हे दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यांना परिचित आहे. मांसाच्या बाबतीतही हाच नियम आहे. फरक एवढाच की तापमान मोजायचे ते भट्टीचे नव्हे, तर मांसाच्या सर्वांत जाड भागाच्या मध्याचे. कोंबडीसाठी ते ७४ अंश, खिम्यासाठी ७१ अंश आणि बकऱ्याच्या अखंड तुकड्यासाठी ६३ अंश व त्यानंतर किमान ३ मिनिटांची विश्रांती, हे प्रचलित प्रमाण आहे. खिम्याला अधिक उष्णता लागते, कारण पृष्ठभागावरील जंतू दळताना आतवर मिसळले जातात.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरमध्ये मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला आणि जानेवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेशासह अनेक राज्यांत या रोगाचा प्रादुर्भाव झाला. धार आणि देवास हे दोन्ही जिल्हे इंदूरला लागून आहेत. कोंबडी खावी की नाही, ही शंका त्या वेळी घरोघर होती. मांसाच्या प्रत्येक भागात ७० अंश तापमान पोहोचल्यास हा विषाणू नष्ट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. ७४ अंशांचा नियम पाळणाऱ्याला त्यासाठी निराळे काही करावे लागत नाही. मात्र आजारी किंवा मेलेला पक्षी कितीही शिजवला तरी खाण्यासाठी वापरू नये. असा पक्षी आढळताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

निर्धोक होणे आणि मऊ होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानी घ्यावे. बकऱ्याची रांग ६३ अंशांवर निर्धोक होते; परंतु तिच्यातील चिवट तंतू विरघळून मऊपणा येण्यास ती ८५ ते ९५ अंशांपर्यंत सावकाश न्यावी लागते. मोकळ्यावर हिंडून वाढलेल्या कडकनाथचे मांसही घट्ट असते, त्यालाही वेळ द्यावा लागतो. धुराच्या भट्टीतील हवा साधारणतः १०५ ते १३५ अंश ठेवतात ती यासाठीच.

या मंद भाजणीत एक चमत्कारिक अवस्था येते. मांसाचे तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान पोहोचले की पुढे तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ, ते तसूभर हलत नाही. उपकरण बिघडले असे वाटून लोक विस्तव वाढवतात. खरे कारण आपल्या घरच्या माठाचेच आहे. माठाच्या बाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि माठ थंड राहतो, तद्वत मांसाच्या पृष्ठभागावरील ओलावा उडताना आत येणारी उष्णता खर्ची पडते. ओलावा कमी झाला की तापमान आपोआप पुन्हा चढू लागते. अशा वेळी धीर धरणे हाच उपाय होय.

उलटपक्षी, सुरुवातीचा काळ लांबू देऊ नये. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतूंची वाढ झपाट्याने होते. मांस हा टप्पा ४ तासांच्या आत ओलांडेल इतका विस्तव हवा. गोठलेले मांस थेट भट्टीत ठेवणे धोक्याचे आहे. ते आधी फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्यावे.

उपकरणाची रचना

मांसासाठी चार प्रकारचे तापमापक मिळतात. पहिला तबकडीचा, ज्यात दोन धातूंची पट्टी उष्णतेने वळते आणि काटा फिरवते. दुसरा अंकीय, ज्याचे टोक मांसात टोचले की काही सेकंदांत आकडा दिसतो. तिसऱ्यात सळई मांसात राहते आणि उष्णतारोधक तारेने भट्टीबाहेरील पेटीशी जोडलेली असते. ती पेटी दूरवर संदेश पाठवते. चौथा पूर्णतः बिनतारी. त्यात सर्व यंत्रणा सळईतच असते.

डॉक्टरी तापमापक मात्र या कामी कधीही वापरू नये. त्याची मोजणी ४२ अंशांच्या आसपास संपते, आणि तो जुन्या पद्धतीचा काचेचा असल्यास फुटून पारा अन्नात जाण्याचा धोका असतो.

बिनतारी सळईच्या टोकाजवळ मांसाचे तापमान घेणारा आणि मागील टोकाशी भट्टीच्या हवेचे तापमान घेणारा, असे सामान्यतः दोन संवेदक असतात. विद्युतघट व इलेक्ट्रॉनिक भाग पोलादी नळीत असतात. हे नाजूक भाग सुमारे १०० अंशांपर्यंतच टिकतात. भट्टीतील हवा त्याहून पुष्कळ तापलेली असते. त्यांना वाचविणारे कवच म्हणजे भोवतालचे ओले मांस. यास्तव सळईवर एक खूण कोरलेली असते आणि तेथपर्यंत ती मांसात गेलीच पाहिजे, असा निर्मात्यांचा आग्रह असतो. खूण उघडी राहिली तर सळई आतून जळते आणि मग ती दुरुस्त होत नाही.

संदेशवहन बहुधा ब्लूटूथने, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींनी होते. हा लहरपट्टा भारतात अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि लोखंडी झाकणाने अडतात. वेष्टनावर लिहिलेले अंतर उघड्या मैदानातले असते. बंद भट्टीत आणि मध्ये भिंत असताना ते कितीतरी कमी भरते. सळईचा डबा भट्टीजवळ ठेवून त्यामार्फत संदेश पुढे पाठविण्याची सोय असेल तर ही अडचण बरीच दूर होते.

निवड करताना

प्रथम आपली चूल पाहावी, मग उपकरण. झाकणाच्या भट्टीत मंद धुरावर कित्येक तास भाजायचे असेल, तर बिनतारी किंवा तारेची सळई खरोखर उपयोगी पडते, कारण झाकण वारंवार उघडावे लागत नाही आणि उष्णता टिकून राहते. तंदूर किंवा उघड्या ज्वाळेवर मात्र बिनतारी सळई ठेवू नये. तेथील उष्णता तिच्या मर्यादेपलीकडे जाते. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि कोंबडी भरून पोपटी लावतात. मडक्याभोवती पेंढा धडाडून पेटलेला असतो. अशा ठिकाणी, तसेच जमिनीतील खड्ड्यात मांस पुरून भाजताना, मडके किंवा खड्डा उघडल्यावर साध्या अंकीय तापमापकाने तुकडे तपासणे हेच योग्य. कोणत्याही तुकड्यात ७४ अंश न भरल्यास तो पुन्हा शिजवावा.

दुसरी गोष्ट लांबीची. बहुतेक बिनतारी सळया मोठ्या तुकड्यांसाठी बनविलेल्या असतात. कडकनाथची कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची आणि कोंबडा दोन किलोच्या आतबाहेर असतो. स्वच्छ केल्यावर वजन आणखी घटते. अशा लहान पक्ष्यात खुणेपर्यंत सळई जाईल काय, हे विकत घेण्यापूर्वीच मापून पाहावे. शक्यतो आखूड व बारीक सळई घ्यावी.

याखेरीज पुढील बाबी विक्रेत्यास विचाराव्यात : मागील टोक किती अंशांपर्यंत टिकते, सळई पूर्ण जलरोधक आहे काय, एकदा प्रभारित केल्यावर ती किती तास चालते, आकडे सेल्सिअसमध्ये दिसतात काय, इंटरनेट नसताना आणि नावनोंदणी न करता ती फोनशी जोडता येते काय, आणि हमीचा काळ किती. खेड्यात मोबाइलची रेंज नसली तरी ब्लूटूथ चालते. परंतु काही उपकरणांचे अ‍ॅप इंटरनेटशिवाय सुरूच होत नाही. फोन हाताशी नसतानाही आकडा दिसावा म्हणून पेटीवर पडदा असलेले उपकरण घेणे अधिक सोयीचे.

ज्यांना महिन्यातून एखाद्या वेळी रस्सा किंवा भाजलेली कोंबडी करावयाची आहे, त्यांना बिनतारी उपकरणाची गरज नाही. त्याची किंमत साध्या अंकीय तापमापकाच्या अनेकपट असते. बचत गटाचे खाद्यगृह, आश्रमशाळेचे स्वयंपाकघर किंवा लग्नाचा मांडव येथे एक साधा, जलद व तपासलेला अंकीय तापमापक पुरेसा होतो. शिजवून ठेवलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांवर आहे किंवा नाही, हेही त्यानेच पाहता येते. शाळेत वाढण्यापूर्वी शिक्षक अन्न चाखून पाहतात, ते योग्यच आहे. पण चवीने मीठ कळते, जंतू कळत नाहीत.

अचूकतेची परीक्षा

नवे उपकरण आणल्यावर आणि त्यानंतर अधूनमधून त्याची परीक्षा घ्यावी. पेला कुटलेल्या बर्फाने काठोकाठ भरावा, फटी भरतील इतकेच गार पाणी घालावे आणि ढवळावे. सळईचे टोक मध्यभागी, पेल्याच्या बुडाला किंवा कडेला न टेकवता धरावे. तीन मिनिटांनी आकडा शून्य अंश दिसला पाहिजे. एखाद्या अंशाचा फरक चालेल.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची. येथे धार आणि देवासच्या वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. पाणी १०० अंशांवर उकळते हे समुद्रकाठी खरे आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत. तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तापमापक ९८ दाखवीत असेल तर तो बरोबर आहे. १०० दाखवीत असेल तर दोन अंश पुढे आहे. अशा तापमापकावर विसंबल्यास ७४ दिसत असताना मांस प्रत्यक्षात ७२ वर असेल. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. पाठ्यपुस्तकातील उत्कलनबिंदू आणि आपल्या गावचा उत्कलनबिंदू यांतील फरक मुलांना त्यातून स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

सळई कोठे खुपसावी

सळईचे टोक मांसाच्या सर्वांत जाड भागाच्या मध्यावर असावे. कोंबडीत छातीच्या जाड भागात लांबीच्या दिशेने सळई घालावी. हाडाला टोक लागू देऊ नये, कारण हाड आणि मांस सारखे तापत नाहीत आणि आकडा चुकतो. चरबीचा थर व पोटाची पोकळी टाळावी. भट्टीतून काढण्यापूर्वी मांडीच्या आतील बाजूसह आणखी दोन ठिकाणी तपासावे आणि त्यांतील सर्वांत कमी आकडा खरा मानावा. मांस विस्तवावरून उतरविल्यावरही मोठ्या तुकड्याचे आतले तापमान काही अंशांनी चढते. परंतु कोंबडीच्या बाबतीत या वाढीवर भिस्त ठेवू नये.

कच्च्या मांसात घातलेली सळई न धुता शिजलेल्या मांसात घालणे कटाक्षाने टाळावे. तसे केल्यास जंतू आपणच परत नेऊन सोडतो.

निगा

सळई तापलेली असताना थंड पाण्यात बुडवू नये. मागील टोकाचा चिनी मातीसारखा भाग त्याने तडकतो. ती हाताने सोसवेल इतकी निवली की कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके यांनी धुवावी. आपल्याकडे भांडी राखेने किंवा तारेच्या चोथ्याने घासण्याची रीत आहे. या उपकरणाला ती मानवत नाही. मांस उलटविण्यासाठी सळईचा दांडा म्हणून उपयोग करू नये आणि फरशीवर ती पडू देऊ नये.

धुराचा चिकट काळा लेप सळईवर बसतो. प्रभारणाच्या धातूच्या ठिपक्यांवर तो राहिला तर सळई डब्यात ठेवूनही प्रभारित होत नाही आणि विद्युतघट संपला असा गैरसमज होतो. स्पिरिटमध्ये किंचित भिजविलेल्या फडक्याने हे ठिपके प्रत्येक वापरानंतर पुसावेत. मात्र हे काम विस्तवापासून दूर करावे. पूर्ण कोरडी झाल्यावरच सळई डब्यात ठेवावी.

तारेच्या प्रकारात सळई आणि तार यांचा सांधा हे मर्मस्थान असते. तेथे पाणी शिरले की भलतेच आकडे दिसू लागतात. ती सळई पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तार मुडपू नये, सैल वेटोळे करून ठेवावी आणि ज्वाळेवरून नेऊ नये.

पावसाळ्यात भट्टी बंद राहते. त्या काळात डब्यात सुटे सेल असतील तर ते काढून ठेवावेत, अन्यथा ते पाझरून डबा निकामी होतो. आत बसविलेला विद्युतघट असल्यास दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रभारित करावा. निकामी झालेले उपकरण उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नये. ते ई-कचरा असून १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यामार्फत व्हायला हवी.

शेवटी, या सर्व खटाटोपाचे प्रयोजन. अपुऱ्या शिजलेल्या कोंबडीतून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू पोटात जातात. त्याचा सर्वाधिक त्रास लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना होतो. यात भर पडते उपजीविकेची. कडकनाथचे पालन आज अनेक आदिवासी कुटुंबांचे आणि बचत गटांचे उत्पन्नाचे साधन आहे. एखाद्या पंगतीत विषबाधा झाली तर तिचा ठपका पक्ष्यावर येतो आणि नुकसान पालकाचे होते. धार, देवास आणि झाबुआ येथील कृषि विज्ञान केंद्रांच्या शिबिरांत पक्षी कसा वाढवावा याबरोबरच तो कसा शिजवावा, याचेही प्रात्यक्षिक झाल्यास ते उपयुक्त ठरेल. त्यासाठी महागड्या उपकरणाची आवश्यकता नाही. एक पेलाभर बर्फ, एक साधा तापमापक आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला ७४ हा आकडा एवढे साहित्य कोणत्याही गावात मिळू शकेल.